मखराचं पान

तिसऱ्यांदा घासलेलं चांदीचं पान सैरिंध्रीच्या डोळ्यांदेखत पिवळं पडलं, आणि कडेने तपकिरी व्हायला लागलं.

"हात धुतलेस का नीट?" मागुणी काकांनी भट्टीपासून ओरडून विचारलं. दुर्गापूजा आठ दिवसांवर आली होती. देवीच्या चांदीच्या मखराची चाळीस पानं अजून उजळायची होती, आणि सकाळपासून काकांचा पारा चढलेला होता.

"दोनदा धुतले. तुमच्यासमोर."

काका उठून आले. पान खिडकीपाशी नेऊन त्यांनी उजेडात धरलं, नखाने खरवडलं. मग त्यांचा आवाजच उतरला.

"तुझा हात नाही हा. हवा आहे. उघड्यावर ठेवली तरी चांदी काळी पडायला महिने जातात. तासाभरात काळी करायची तर आम्ही तिला गंधकाची धुरी देतो. इथे कुणी दिली धुरी?"

सैरिंध्रीला सकाळचा वास आठवला. मागच्या भिंतीवरून कुजक्या अंड्यांचा भपकारा आला होता. तिने नाकाला पदर लावला होता. मग कधी वास यायचा थांबला, तिला कळलंच नव्हतं.

भिंतीपलीकडच्या इमारतीची संडासाची टाकी नऊ वर्षांनी आज उघडली होती. ती साफ करायला नटबर गेला होता. तिचा नवरा.

रिठ्याच्या पाण्यात बुडालेलं एक पान अजून पांढरं होतं. ते उचलून ती ओल्या हातांनीच धावत सुटली. गल्ली संपता संपेना.

नटबर कमरेला दोर बांधून टाकीच्या तोंडाशी बसला होता. एक पाय आत, लोखंडी पायरीवर.

"उतरू नकोस!"

"आली बघा," ठेकेदार बिद्याधर हसला. "नवऱ्याला घटकाभर सोडवत नाही हिला. अगं, कंदील सोडून बघितला आत. विझला नाही. सकाळी वास मारत होता, आता तोही गेला. अजून काय हवं?"

"वास गेला नाही. आपली नाकं गेलीत. ज्या विषारी हवेने भिंतीपलीकडे आमची चांदी काळी पडतेय, ती इथूनच येतेय."

"घरी जा, सैरी," नटबर खालच्या आवाजात म्हणाला. चार माणसांत बायकोने असं येणं त्याला लाजिरवाणं झालं होतं. त्याने दुसरा पायही आत घेतला.

तिने वाद घातला नाही. बादलीचा दोर ओढला, त्याच्या टोकाला पान बांधलं आणि ते टाकीच्या तोंडावर धरलं.

"ए! देवीची चांदी ना ती?" बिद्याधरचं हसू मावळलं. "आणि तुम्ही लोक ती संडासात सोडणार? पूजा समितीला कळलं तर चामडी सोलतील तुझी."

सैरिंध्रीचा हात थबकला. खरं होतं ते. सोलली असती.

"सोड तू," मागून आवाज आला. मागुणी काका धापा टाकत भिंतीला टेकून उभे होते. "समितीला काय सांगायचं ते मी सांगेन. सोड."

पान खाली गेलं. आधी चमकलं, मग दिसेनासं झालं. पाण्याला लागू नये म्हणून तिने दोर हातभर वर ओढून धरला. नटबर तिच्याकडे बघत होता, अजून पायरीवरच, छातीपर्यंत आत. तिने मोकळ्या हाताने त्याची बंडी गच्च पकडली. त्याने ती सोडवून घेतली नाही.

बिद्याधरने विड्याचं पान तोंडात घातलं, चघळलं, बाजूला थुंकला. "झाली का परीक्षा?"

तिने दोर ओढला.

वर आलेलं पान निळंकाळं होतं, वांग्याच्या सालीसारखं. एवढ्याशा वेळात.

नटबरने एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, आणि टाकीपासून सरकत सरकत थेट भिंतीपर्यंत गेला. त्याच्या हातांना कमरेच्या दोराची गाठ सुटेना.

"ओल लागली असेल," बिद्याधर म्हणाला. "घाणीत चांदी बुडवल्यावर आणखी काय होणार?"

"बुडवली नाही. कोरडं आहे," दोर धरायला आलेला कैबल्य म्हणाला. विशीतला, नटबरच्याच वस्तीतला. त्याने ते पान तळहातावर घेतलं होतं आणि अंगठ्याने पुन्हा पुन्हा पुसत होता. काळेपणा निघत नव्हता.

"गेल्या वर्षी दादाला अशाच टाकीतून वर काढला, तेव्हा त्याच्या कानातली बाळी अश्शीच काळी होती," तो म्हणाला. "हार्ट बंद पडलं म्हणालात तुम्ही, बिद्याधरबाबू. आई म्हणाली, बाळी बघा, सोनाराने खोटी चांदी दिली." त्याचा अंगठा थांबला. "चौघांनी जाऊन बदडला आम्ही त्या सोनाराला."