परतीची दोरी

सुरीला धार लावून झाली होती. सफरमोचा थोरला मुलगा पात्यावरून अंगठा फिरवत होता आणि गाय आपली त्याच्याकडे बघत उभी होती. गाय गाभण होती, पण तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. चारा उरला होता दोन दिवसांचा आणि उन्हाकडची चराईची चढण उघडायला अजून सात दिवस होते. शेजाऱ्यांचे गोठेही झाडून घेतल्यासारखे झाले होते. उपाशी मरून फुकट जाण्यापेक्षा कापलेली बरी, असं म्हणून सफरमो भिंतीकडे तोंड करून बसली होती.

सात दिवस हा आकडा नेकबख्तचा. उंच डोंगरांतल्या बर्तांग खोऱ्यातल्या त्या गावात गुरं चढणीवर कधी सोडायची, हे दिवसांचा हिशेब राखणारं एकच घर ठरवायचं, आणि ते आता तिचं होतं. त्या घराच्या छपरातल्या झरोक्यातून दुपारचं ऊन खांबावरच्या खाचेवर पडलं, की वाट मोकळी. त्याआधी कुणीही नाही. ओल्या मातीत खूर रुतले तर गवत मुळासकट जातं आणि मग सगळं गावच उपाशी राहतं. आभाळ भरलेलं असलं, की दोरीवरच्या गाठी मोजायच्या. यंदा वीस दिवस सूर्याने तोंड दाखवलं नव्हतं. आणि त्या काळी गावात एकच कॅलेंडर होतं, तेही शाळेच्या मास्तरांच्या पिशवीत. मास्तर बर्फामुळे खिंडीपलीकडे अडकलेले.

हिशेब मुळात नेकबख्तच्या वडिलांचा, मवलोनजरचा. राखणारा जिवंत असेतो दुसऱ्याने दोरीला हात लावायचा नाही, अशी रीत. गेल्या उन्हाळ्यात म्हातारा बसल्या जागी गेला आणि सांगायचं सगळं राहून गेलं. ऊन त्या खाचेवर वर्षातून दोनदा यायचं, वसंतात आणि शरदात, म्हणून खुंटीवर दोन दोऱ्या होत्या. एक वसंतापासून शरदापर्यंतची, एकशे शहाऐंशी गाठींची. दुसरी परतीची, शरदापासून वसंतापर्यंतची. तिचं टोक विस्कटलेलं होतं आणि गाठी कमी भरत होत्या. उंदरांनी खाल्ली असणार, दुसरं काय. ऊन खाचेवरून जाऊन परत खाचेवर यायला उन्हाळ्यात जितके दिवस घेतं तितकेच हिवाळ्यात घेणार, हे काय कुणी सांगायला हवं? नेकबख्तने लाल लोकर जोडून दोरी पहिलीइतकी केली आणि शरदापासून रोज सकाळी न चुकता हाडाचा चिमटा एक गाठ पुढे सरकवत राहिली.

आदल्या दिवशी सफरमो तिच्या दारात येऊन बसली होती.

"थोडे दिवस अलीकडे उघड ना, पोरी. कोण मोजायला बसलंय?"

"मीच बसलेय, मावशी," नेकबख्त म्हणाली. म्हणाली खरी, पण म्हातारी घरी परतल्यावर तिला जेवण गेलं नाही.

आणि आज ती कणीक मळत असताना घर एकदम उजळलं. ढग फाटले होते. उन्हाचा कवडसा खांबावर पडला होता, बरोबर खाचेवर. तिने दोरीकडे पाहिलं. चिमट्याच्या पुढे सात गाठी शिल्लक होत्या. पण आधी गाय, मग लाज. पिठाचे हात तसेच घेऊन ती धावत सुटली.

"सुरी ठेव," ती धापा टाकत म्हणाली. "ऊन खाचेवर आलंय. माझा हिशेब चुकला."

संध्याकाळपर्यंत गावची सगळी गुरं चढणीवर होती. चौथ्या दिवशी सफरमोची गाय व्याली, कालवड झाली. सगळे आनंदात होते, एक नेकबख्त सोडून. सात दिवस मी कुठे हरवले, हे तिला काही केल्या आठवेना. कुणी तिला टोचून बोललं नाही, तेच तिला जास्त लागलं. दोरी तिने पेटीत टाकली आणि हिशेबाला दुसरं घर बघा म्हणून निरोप धाडला.

पुढे खिंड मोकळी झाली आणि गुलोमशो मास्तर परतले. सफरमोने त्यांना हाताला धरून थेट नेकबख्तच्या घरी आणलं. येताना नव्या दुधाचं भांडं आणायला ती विसरली नाही. मीठ घातलेला दुधाचा चहा पीत मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, पिशवीतून कॅलेंडर काढलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसले.

"ऐन हिवाळ्यात पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते," ते म्हणाले.

"जवळ?" सफरमोने वाटी खाली ठेवली. "माझे कान गळून पडायचे बाकी होते. जवळ असून ऊब नाही, म्हणजे अगदी आमच्या घरच्या म्हाताऱ्यासारखंच."

नेकबख्तही हसली, कितीतरी दिवसांनी. मास्तर म्हणाले, थंडी पडते ती आपल्याकडे ऊन तिरपं येतं म्हणून. पण जवळ असली की पृथ्वी भराभर पळते आणि लांब गेली की रेंगाळते. म्हणून उन्हाळ्याकडचं अर्धं वर्ष लांबतं आणि हिवाळ्याकडचं लवकर उरकतं.

"किती लवकर?" नेकबख्तने विचारलं.

"सात दिवस. तू एकही दिवस हरवला नाहीस."

तिचे डोळे भरून आले, ते तिने पुसलेही नाहीत. मग काहीतरी सुचून ती उठली, पेटीतून दोरी काढली आणि लाल लोकर जिथून सुरू होत होती तिथे बोट ठेवलं. तिने स्वतः मारलेल्या गाठी मोजल्या. सात.

बाबांची दोरी उंदरांनी खाल्लीच नव्हती.