शेवटच्या सभेचा कोरम

"अजून पाच मिनिटं थांबू, मग सभा तहकूब," नगराध्यक्ष म्हणाले.

वडारवस्तीची नगरसेविका शेवंता विटकर पुन्हा उठून खिडकीशी गेली. तिला बसवतच नव्हतं. उद्यापासून नगरपरिषद महापालिकेत विलीन होणार होती. वस्तीला नळ देण्याचा ठराव आज मंजूर झाला नाही, तर तिची अकरा वर्षांची धडपड मातीत जाणार होती. आणि कोरमला एकच सदस्य कमी होता.

तेवढ्यात दारात काठी वाजली. वसंतराव कुलथे! "आधी गटारं, मग नळ" म्हणत ते दरवेळी या ठरावाला विरोध करायचे. आजारपणामुळे चार महिने सभेला फिरकले नव्हते.

"माझा विरोध लिहून घ्या," खुर्चीत टेकून धापा टाकत ते म्हणाले.

कोरम भरला. मतदान झालं. ठराव मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं.

जिना उतरताना शेवंताने त्यांना हात दिला. "काका, तुम्ही आला नसता, तर ठराव आपोआपच बारगळला असता."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण घरी बसून जिंकायला लोकांनी निवडून नव्हतं दिलं मला."