सोमवारचं मौन

पारितोषिकाच्या निवड समितीसमोरच्या पडद्यावर आलेख माझा होता आणि नाव एकट्या घैसास सरांचं. पेशींना बेचाळीस अंशांचा ताप देत मी सहा वर्षं घालवली होती. पेशीतलं एक प्रथिन संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या ग्राहीला घट्ट धरून ठेवतं आणि ताप वाढला की सोडून देतं, हे मला सापडलं होतं.

“पण ग्राही सुटला की मोडला, हे कशावरून ठरवलंत?” समितीतल्या बाईंनी विचारलं.

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच ठेवला आणि हसत माझ्याकडे वळले. “या सांगतील. आमच्या प्रयोगशाळेतल्या उपासवाल्या बाई. सांगा हो, पारितोषिकाचा प्रश्न आहे!”

उत्तर मला तोंडपाठ होतं. मी उठले आणि पर्समधली नेहमीची चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी धरली: ‘आज माझं मौन आहे.’

“अहो, तुमचं मौन सोमवारी असतं! आज मंगळवार!” सर कुजबुजले.

मी हात जोडले आणि खाली बसले. महादेवा, कालचं मौन तुझ्यासाठी होतं. आजचं मी माझ्यासाठी धरलंय.