मोडून बघा

“लिनक्सच्या एका कंटेनरमध्ये पोरांनी आणखी कंटेनर चालवायचे? एकाने घाण केली की लॅबचा एकुलता एक सर्व्हर झोपेल!” विभागप्रमुख शेवडेसरांनी रेवतीचा अर्ज सही न करताच परत सरकवला.

लॅब सांभाळणाऱ्या रेवतीने दोन दिवस खपून प्रत्येक मुलासाठी वेगळा कंटेनर, म्हणजे सर्व्हरच्या आतली जणू एक बंद खोली, तयार केला होता. सर्व्हरचे सगळे हक्क देऊन टाक, लगेच चालेल, असं जो तो सांगत होता. तिने मात्र आत कंटेनर चालवण्यापुरतीच मुभा दिली होती. आपल्या खोलीत हव्या तेवढ्या भिंती घाला, घराची किल्ली माझ्याकडे, असा तिचा हिशोब.

“सर, तुम्हीच मोडून बघा,” म्हणत तिने खुर्ची पुढे केली.

सरांनी चष्मा चढवला आणि एका बोटाने टाइप करत सगळं पुसून टाकणारी कमांड दिली. त्यांचा कंटेनर बंद पडला. रेवतीने शेजारच्या स्क्रीनकडे पाहिलं. दुसऱ्या कंटेनरमधलं घड्याळ निवांत पुढे सरकत होतं.

दोन मिनिटांत तिने सरांचा कंटेनर पुन्हा उभा केला. सरांनी सही केली, पण खुर्ची काही सोडली नाही.

“थांब, पुन्हा मोडतो,” ते बाह्या सरसावत म्हणाले. “मघाशी जरा जपूनच मोडला होता.”