अक्षतांची मूठ

"हा हात बिघडलाय!" दवाखान्यात शिरताच दिगंबर टिपणीस कडाडले. "परवा मुलीचं लग्न लागताना दर 'सावधान'ला मूठ उघडायला बघत होता. मला अक्षता टाकायच्याच नव्हत्या. ते लग्न मला मान्य नाही."

तंत्रज्ञ नसीमाने त्यांच्या यांत्रिक उजव्या हाताची नोंद तपासली. "काका, हात ठणठणीत आहे. मेंदूतल्या पेशींनी इशारा दिला, की डोक्यातली चिप तो त्याच क्षणी हाताला पोचवते. तुम्ही मन आवरेपर्यंत ती थांबत नाही."

"म्हणून तर मी डाव्या हाताने मूठ दाबून धरली होती."

"पण नोंदीत दिसतंय, शेवटच्या 'सावधान'ला ती उघडलीच की."

टिपणिसांचा आवाज खाली आला.

"तेव्हा डावा हात डोळे पुसत होता."