आईची पंच्याहत्तरी

आज आईला पंच्याहत्तर वर्षं पुरी झाली, म्हणून कमळाकर सकाळपासून मुरबाडच्या बाजारात वणवण फिरत होता. साडी बघितली, पण ती पेटीतच पडून राहिली असती. घड्याळ बघितलं, पण आईला कुठं वेळेत पोचायचं असतं? शाल दोनदा हातात घेतली आणि परत ठेवली. सगळं आयुष्य तिच्याजवळ गेलं, तरी तिला काय आवडतं हे त्याला आठवेना. शेवटी रिकाम्या हातानं तो धसईची गाडी पकडायला स्टँडवर आला, तर आळेफाट्याच्या एसटीत, खिडकीपाशी, आईच बसलेली.

"आई, तू इथं? कुठं चाललीस?"

"ओतूरला. माझ्या बहिणीकडं."

"एकटीच? मला सांगायचं ना गो, मी नेलं असतं."

"तू नेशील म्हणून बारा वर्सं थांबले रे," ती शांतपणे म्हणाली. "पंच्याहत्तरीनंतर एसटीला तिकीट नाय लागत. आता कोणाकडं पैसं मागायला नको, न् कोणाची वाट बघायला नको."