एकही खडा नाही

दोन हजार वर्षांपूर्वी खोऱ्यातल्या राजाने हा डोंगर जिंकला, इथलं देऊळ गाडलं आणि त्यावर आपलं बांधलं, असं उत्खननाच्या मॅडमनी अहवालात लिहूनही टाकलं होतं. आता दोन देवळांमधली माती तेवढी चाळायची राहिली होती. पण तीन दिवस झाले, मजुरीवर आलेल्या मावशींच्या चाळणीत खडासुद्धा अडकेना.

"मावशी, चाळताय की नुसती चाळणी हलवताय? असंच चाललं तर उद्यापासून दुसरं कोणीतरी बघते मी."

मावशींनी चाळणी त्यांच्याच हातात दिली. मॅडमनी घाम निघेपर्यंत चाळलं. सगळी माती पिठासारखी खाली गेली.

"आता तुम्हालाही काढणार का?" मावशी हसल्या. "अहो, माझ्याआधी कोणीतरी चाळलीय ही."

संध्याकाळी त्या मातीखालून जुन्या देवाचा कच्च्या मातीचा चेहरा वर आला. नाकाच्या शेंड्यालाही ओरखडा नव्हता.

मॅडमनी अहवालातला 'गाडलं' हा शब्द खोडला. मग हळूच विचारलं, "मावशी, एवढी माती चाळायला किती दिवस लागले असतील हो त्यांना?"

"दोन महिने तरी. आणि ओरडून करून घेतलेलं काम नाही हे, मॅडम. तसल्या कामात खडे राहतात."